शनिवारची फेरी रद्द करू नका: हौशी चित्रपटकार संमेलनाच्या संयोजन समितीला खुलं पत्र

प्रति,
संयोजन समिती,
हौशी चित्रपटकारांचं दोन दिवसांचं संमेलन, कोल्हापूर

सर्वांना नमस्कार.

मंगळवारी रात्री पावणेदहाला समितीचा संदेश आला. यंदा वेळेअभावी शनिवारची वारसा फेरी आणि रविवारची पन्हाळ्याची सहल हा 'करमणुकीचा भाग' होणार नाही, सहभागींनी नोंद घ्यावी, एवढंच त्यात होतं. खाली नव्या ठिकाणाचा नकाशा आणि नवं शुल्क. दोन दिवस मी थांबले. समितीतल्या दोघांना फोन केले. दोघांनीही आपुलकीनं ऐकून घेतलं आणि "ताई, निर्णय झालाय" असं सांगितलं. मला हा निर्णय मान्य नाही. तो बंद दाराआड झाला, म्हणून माझं म्हणणं सगळ्यांसमोर मांडते आहे.

आधी माझा या संमेलनाशी संबंध काय ते सांगते. माझे वडील सुतार होते. जयप्रभा आणि शालिनी, दोन्ही स्टुडिओंत त्यांनी सेट उभे केले. फळ्या, गोणपाट, खळ आणि रंग यांतून उभा केलेला वाडा चार दिवसांत मोडायचा आणि त्याच फळ्यांतून देवळाचा गाभारा करायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. श्रेयनामावलीत त्यांचं नाव कधी आलं नाही. ते गेल्यावर त्यांची हत्यारांची पेटी माझ्याकडे आली. रंधा, पटाशी, ओळंबा, मुठीपाशी झिजलेली करवत. मुलाच्या मोबाईलवर त्या पेटीची नऊ मिनिटांची फिल्म केली, तेव्हा मी ५१ वर्षांची होते आणि त्याआधी घरच्या लग्नाचं शूटिंगसुद्धा कधी केलं नव्हतं. तुमच्या संमेलनानं ती दाखवली. दाखवून झाल्यावर तेव्हाच्या समितीतल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, "ही हत्यारं जिथं चालली ती जागा आम्हाला दाखवाल का?" दुसऱ्या दिवशी अकरा जण माझ्या मागून चालत जयप्रभाच्या फाटकापर्यंत आले. शनिवारची फेरी तिथून सुरू झाली. करोनाची दोन वर्षं सोडली तर ती एकदाही चुकली नाही, आणि तिच्यासाठी मी किंवा माझ्यासोबतच्या कुणी एक रुपया घेतला नाही.

संदेशात तुम्ही तिला 'करमणुकीचा भाग' म्हटलं आहे. समितीतले काही नवे सदस्य फेरीला कधी आलेलेच नाहीत, म्हणून तिथं काय होतं ते जरा सविस्तर लिहिते.

दुपारी साडेतीनला आपण खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापाशी जमतो. गावाबाहेरून आलेल्या बहुतेकांना तो कशाचा स्तंभ हे माहीत नसतं. मग बाबूराव पेंटरांची गोष्ट निघते. पडदे रंगवणारा माणूस. चित्रपट काढायचं मनात घेतलं, पण विलायती कॅमेरा आणायची ऐपत नव्हती आणि वर महायुद्धाचे दिवस. आनंदराव पेंटर आणि बाबूराव, दोघांनी प्रोजेक्टरच्या यंत्रावरून कॅमेरा कसा चालत असेल याचा माग काढायला सुरुवात केली. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकरांनी पैसे दिले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. याच कंपनीत तयार झालेली माणसं १ जून १९२९ ला बाहेर पडून 'प्रभात' काढतात, १९३२ मध्ये इथंच 'अयोध्येचा राजा' करतात आणि १९३३ मध्ये पुण्याला जातात. यातल्या कुणी चित्रपटाचं शिक्षण घेतलं नव्हतं. ते देणारी शाळाच तेव्हा देशात नव्हती. आजच्या भाषेत ही सगळी माणसं हौशी होती.

ही गोष्ट मी सांगते तेव्हा समोरच्या पोरांचे चेहरे पाहायला हवेत. गेल्या वेळी चंदगडहून आलेला एक मुलगा, दिवसा दुकानात कामाला, तीन वर्षांपूर्वीचा मोबाईल हातात, स्तंभाकडे बघत म्हणाला, "म्हंजे ह्यानी कॅमेराबी सोताच केलाय व्हय?" त्यानंतर दोन दिवस तो मोबाईल चांगला नाही म्हणून कुरकुरला नाही.

पण फेरीत नुसतं बोलणं नसतं. प्रत्येक थांब्यावर एक काम असतं. खासबागच्या कुस्ती मैदानात सगळ्यांनी खाली हौद्यापाशी बसायचं आणि तीस सेकंदांचा एकच शॉट घ्यायचा, कॅमेरा न हलवता. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान १९१२ चं. आत उतरलं की चारी बाजूंनी पायऱ्यांचा घेर वर चढत जातो आणि माणूस किती लहान दिसतो ते भिंगातून पहिल्यांदा कळतं. भवानी मंडपात ध्वनी टिपायचा, चित्र नाही. पापाची तिकटीकडे जाताना चपलांच्या दुकानांपुढून जायचं आणि फक्त हात चित्रित करायचे. ज्याचे हात टिपायचे त्याची आधी परवानगी घ्यायची, हाही धड्याचाच भाग. जयप्रभाच्या फाटकाशी शेवटचा थांबा. तिथं मी कोल्हापूर सिनेटोन या स्टुडिओच्या जुन्या नावापासूनचा इतिहास सांगते, गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये स्टुडिओ जाळला गेला ते सांगते, त्या आगीत गेलेला 'मीठभाकर' हा चित्रपट भालजी पेंढारकरांनी पुन्हा उभा केला ते सांगते. २०२२ मध्ये स्टुडिओच्या विक्रीची बातमी आली तेव्हा कलावंत इथं उपोषणाला बसले होते, तेही. रात्री जेवणानंतर सगळ्यांचे शॉट शाळेच्या भिंतीवर एकापाठोपाठ एक दाखवायचे. एकाच मैदानाचे चाळीस शॉट आणि चाळीसही वेगळे. कुणाचा का चांगला आणि कुणाचा का फसला यावर रात्री बारापर्यंत वाद. मी आजवर जे शिकले त्यातलं बरंचसं त्या भिंतीसमोर शिकले.

याच्या जागी यंदा मुंबईतल्या एका नावाजलेल्या दिग्दर्शकाचं तीन तासांचं व्याख्यान ठेवलं आहे. त्या दिग्दर्शकांबद्दल मला आदर आहे. पण व्याख्यान घरबसल्या ऐकता येतं, ते ऐकायला कुणी सोलापूरहून किंवा नागपूरहून रात्रभर प्रवास करून कोल्हापूरला का यावं? खासबागच्या मातीत बसून शॉट घ्यायला मात्र इथंच यावं लागतं.

रविवारच्या सहलीचंही तेच. एक वर्ष पन्हाळा आणि एक वर्ष खिद्रापूर असा क्रम आहे आणि यंदा पन्हाळ्याची पाळी होती. पन्हाळ्यावर अंबरखान्यातल्या गंगा कोठीत आपण दिवे न लावता काम करतो. वरून धान्य ओतायला ठेवलेल्या झरोक्यांतून उजेडाचे झोत खाली पडतात, बाकी सगळा काळोख. तिथं अर्धा तास घालवला की एक्स्पोजर, म्हणजे चित्रात उजेड किती घ्यायचा, हे वेगळं शिकवावं लागत नाही. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात अठ्ठेचाळीस खांब आहेत आणि डोक्यावर गोल उघडं आभाळ. दुपारपर्यंत उन्हाचा तो गोल फरशीवरून सरकत जातो आणि सोबतची मंडळी त्याच्यामागे सरकत असतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात आपला पन्हाळा आहे. त्याच वर्षी आपण संमेलनातून तो काढतो आहोत. बाहेरगावच्या मित्रांना हे कसं सांगायचं ते मला सुचत नाही.

आता ज्या गोष्टीनं मी सगळ्यात दुखावले आहे ती लिहिते.

जानेवारी २०२४ च्या फेरीत आपल्याला केशवराव भोसले नाट्यगृहात अर्धा तास आत जायला मिळालं होतं. शाहू महाराजांच्या काळातलं पॅलेस थिएटर, १९१५ चं. राधानगरी भागातून आलेली एक कॉलेजची मुलगी रंगमंचावर उताणी झोपली आणि तिनं छताकडे मोबाईल धरून दोन मिनिटांचा शॉट घेतला. तुळया, दोर, वर लटकलेले पडदे. दुसऱ्या एकानं त्या लाकडी रंगमंचावर अनवाणी चालण्याचा आवाज टिपला. नेहमीप्रमाणे सगळ्यांचं चित्रण समितीच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं आणि मोबाईलमधली जागा मोकळी करायला बऱ्याच जणांनी आपापल्याकडचं पुसून टाकलं. समितीकडे आहे म्हटल्यावर सुरक्षित आहे असंच सगळे धरून चालले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी मी तिथं गेले तेव्हा रस्त्यावर म्हातारी माणसं रडत होती. ज्यांनी तिथं पहिलं नाटक पाहिलं, पहिल्यांदा तोंडाला रंग लावला, ती सगळी माणसं. त्या दुपारी त्या मुलीचा फोन आला. "काकू, माझा तो शॉट कुठाय?"

मी त्याच आठवड्यात समितीला लिहिलं. ऑक्टोबरमध्ये पुन्हा विचारलं. या मे महिन्यात तिसऱ्यांदा विचारलं. दर वेळी उत्तर एकच: "शोधतो." डिस्क कुणाच्या घरी आहे, चालू आहे की बिघडली, तिची दुसरी प्रत आहे की नाही, यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर मिळालेलं नाही. नाट्यगृहाची पुनर्बांधणी चालू आहे आणि ते पुन्हा उभं राहील याचा मला आनंदच आहे. पण ज्या तुळयांखाली ती मुलगी झोपली होती त्या तुळया आता नाहीत. त्यांचं दोन मिनिटांचं चित्रण आपल्याकडे होतं.

महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी बहुतेक आज पाहायला मिळत नाहीत. त्या काळची नायट्रेटची फिल्म भडकन पेटायची, काही फिल्मा चांदीसाठी वितळवल्या गेल्या, काही नुसत्या ओल लागून सडल्या. त्यांच्याकडे दुसरी प्रत काढायला पैसा आणि साधनं नव्हती. आपल्याकडे आणखी एक डिस्क घ्यायची सोय आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांना जे जमलं नाही त्याबद्दल फेरीत हळहळायचं आणि आपल्या ताब्यातलं कुठं आहे याचा पत्ता ठेवायचा नाही, हे मला पटत नाही.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात.

ठिकाण बदललं. आजवर संमेलन गावात, शाळेच्या सभागृहात व्हायचं आणि रात्री वर्गांत सतरंज्या टाकून झोपायची सोय असायची. आता ते महामार्गापलीकडच्या रिसॉर्टवर आहे. तिथं एसटी जात नाही. गारगोटी, गडहिंग्लज, चंदगडकडची मुलं स्टँडवर उतरून पुढं रिक्षाला किती पैसे घालणार? आणि रात्रीचं प्रदर्शन संपल्यावर परत कशी येणार? शुल्क ७०० रुपयांवरून ४,२०० झालं. त्यात राहणं आणि जेवण धरलं आहे हे मला कळतं, पण ज्याला ते नको आहे त्याच्यासाठी दुसरा पर्यायच ठेवलेला नाही. मी ओळखते त्यातल्या नऊ जणांनी यंदा येत नाही म्हणून कळवलं आहे. त्यांतले सहा जण गेल्या तीन वर्षांत चित्रपट घेऊन आले होते.

स्पर्धेच्या नियमांत 'मोबाईलवर चित्रित केलेले चित्रपट स्वीकारले जाणार नाहीत' अशी नवी अट आली आहे. माझा स्वतःचा पहिला चित्रपट या अटीत बसला नसता. कॅमेरा नसलेल्या माणसानं कॅमेरा घडवला त्या गावात ही अट शोभत नाही. दर्जा राखायचा असेल तर निवड समितीनं चित्रपट बघून ठरवावं.

तुमच्या अडचणी मला माहीत नाहीत असं नाही. दोन वर्षांपूर्वी पन्हाळ्यावर तीन दरवाजाजवळ एका मुलाचा पाय मुरगळला आणि त्याच्या घरच्यांनी समितीला धारेवर धरलं. संरक्षित वास्तूंत कॅमेऱ्याची तिवई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तिच्यासाठी हेलपाटे घालावे लागतात, आणि ते दर वर्षी एकाच सदस्याच्या गळ्यात पडतात. बसचा खर्च वाढला. प्रायोजकाला आपली माणसं एका छताखाली हवी असतात. हे सगळं खरं आहे. पण यातली एकही अडचण तुम्ही आमच्यासमोर ठेवली नाही. ठेवली असती तर परवानगीचे अर्ज घेऊन मी फिरले असते, गडावर प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभी राहिले असते, बससाठी वर्गणी गोळा केली असती. फेरीतली जुनी मंडळी यासाठी आजही तयार आहेत. काल संध्याकाळी आम्ही बारा जण रंकाळ्यावर बसून याची यादी करून आलो आहोत.

म्हणून आमच्या मागण्या अशा.

शनिवारची फेरी यंदाच्या कार्यक्रमात परत घ्यावी, दुपारी साडेतीन ते सात, आणि रात्री त्या दिवशीचे शॉट दाखवण्यासाठी दीड तास राखून ठेवावा. व्याख्यान रविवारी दुपारी होऊ शकतं.

रविवारी सकाळी पन्हाळ्याला एक बस जावी. ज्यांना जायचं आहे त्यांच्याकडून बसचे पैसे वेगळे घ्यावेत. परवानग्यांचं काम आम्ही बारा जण अंगावर घेतो. समितीनं फक्त आपल्या कागदावर सही-शिक्क्याचं पत्र द्यावं.

राहण्याशिवायचं शुल्क वेगळं जाहीर करावं आणि ते १,००० रुपयांच्या आत असावं. रिसॉर्टचं आरक्षण रद्द होत नसेल तर दोन्ही दिवस स्टँडवरून सकाळी नेणारी आणि रात्री परत आणणारी गाडी ठेवावी.

मोबाईलची अट काढून टाकावी आणि त्यामुळे ज्यांनी चित्रपट पाठवले नाहीत त्यांना दहा दिवसांची मुदत वाढवून द्यावी.

आणि फेरीचं आजवरचं सगळं चित्रण जिथं असेल तिथून शोधून त्याची यादी करावी. ज्याचं त्याला मिळावं. सर्वांच्या संमतीनं एक प्रत शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावी. डिस्क बिघडली असेल तर तसं स्पष्ट सांगावं. दुरुस्त करून माहिती परत मिळवून देणारी माणसं आहेत, त्याचा खर्च आम्ही वर्गणीतून करू. पण ती हरवली असेल तर तेही लपवू नये. त्या मुलीला उत्तर द्यायचं मी पंधरा महिने टाळते आहे.

या पत्राचं उत्तर १० डिसेंबरपर्यंत लेखी मिळावं ही विनंती. त्यापुढे उशीर झाला तर पन्हाळ्याच्या परवानग्या वेळेत होणार नाहीत. समितीतल्या कुणावर माझा वैयक्तिक राग नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझी पहिली फिल्म बघून टाळ्या वाजवल्या होत्या आणि ते मी विसरलेले नाही.

डिस्क कुणाकडे आहे एवढं जरी कळलं तरी मी त्या घरी स्वतः येईन. रिकामी डिस्क आणि वायर माझ्याकडे आहे.

आपली,
शनिवारच्या फेरीची वाटाडी
मंगळवार पेठ, कोल्हापूर
नोव्हेंबर २०२५